कॅमेऱ्याची पारख

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून मानले जाणारे प्राचीन शिवमंदिर आहे. मंदिराचा खालचा भाग काळ्या पाषाणाचा असून त्यावर हत्तींच्या रांगा, देवदेवता व नाना मुद्रांतील मूर्ती कोरलेल्या आहेत. शिखराचा भाग मात्र पुष्कळ नंतरचा आहे. खालच्या मूर्तींपैकी कित्येकींची नाके झिजली आहेत, कित्येकींचे हात भंगले आहेत. दगड झाला तरी ऊनपावसापुढे त्याचेही काही चालत नाही.

समजा, त्या परिसरातील एका शाळेने असे ठरविले, की या मूर्ती, वसमतकडील हळदीचे मळे, नरसी येथील संत नामदेवांचे स्थान आणि गावातील वृद्ध स्त्रीपुरुषांचे चेहरे यांचा एक चित्रसंग्रह करावा. माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी वर्गणी जमवून दिली. रक्कम एकदाच मिळणार. निवड चुकली, तर दुसरा कॅमेरा यावयाचा नाही आणि आजचे वृद्ध चेहरेही कोणासाठी थांबावयाचे नाहीत. अशा वेळी कॅमेरा कोणता घ्यावा आणि त्याला नित्याच्या वापरासाठी भिंग कोणते लावावे?

दुकानात पाऊल टाकताच बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती मेगापिक्सेल?" हा प्रश्न अगदीच निरर्थक नाही, पण त्याला वाजवीहून अधिक मान मिळाला आहे. पिक्सेल म्हणजे चित्र ज्या बारीक ठिपक्यांनी बनते, त्यांतील एक ठिपका. असे दहा लक्ष ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. कागदावर उत्तम छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके पुरेसे होतात. तेव्हा १० इंच लांब व ८ इंच रुंद अशा चित्रासाठी ३००० गुणिले २४०० म्हणजे ७२ लक्ष ठिपके लागतील. आज विकत मिळणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत २४० लक्ष किंवा त्याहून अधिक ठिपके असतात. शाळेच्या भित्तिपत्रकाला हवे तेवढे त्यांत केव्हाच आले. त्यापुढच्या ठिपक्यांसाठी अधिक पैसे मोजणे म्हणजे दोन घागरी पाण्यासाठी हौद बांधणे होय.

महत्त्वाचा आहे तो या ठिपक्यांमागचा पट. कॅमेऱ्यातील भिंग बाहेरील दृश्याची लहानशी उलटी प्रतिमा आतल्या एका पटावर पाडते. पूर्वी तेथे रासायनिक लेप दिलेली फिल्म असे. आता तेथे सेन्सर असतो. सेन्सर प्रकाशाचे विजेत रूपांतर करतो आणि ती वीज मोजून यंत्र अंकांच्या रूपाने चित्र साठविते. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने असा पहिला कॅमेरा जुळविला, तेव्हा त्याचे वजन सुमारे ३.६ किलोग्रॅम भरले. त्याच्या चित्रात अवघे १०,००० ठिपके होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. (औंढा तालुक्यातच लायगो-इंडिया ही मोठी वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मंजुरी दिली. तिचे दोन बाहू प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीचे असावयाचे आहेत. तरी त्यांतून परत आलेल्या प्रकाशाचेही अखेर विजेतच रूपांतर करून मोजमाप होते. तत्त्व तेच!)

सेन्सर जितका मोठा, तितका त्यावर अधिक प्रकाश मावतो. मोबाइलमधील सेन्सर बहुधा करंगळीच्या नखाहून मोठा नसतो. म्हणून भर उन्हात मोबाइलने काढलेले चित्र सुरेख येते. पण अंधुक सभामंडपात काढलेल्या चित्रात दगडावर रांगोळी सांडल्यासारखे कण दिसू लागतात. ते पुसून टाकण्यासाठी मोबाइल आपल्या युक्त्या लढवितो, तेव्हा कणांबरोबर कोरीव कामाचे बारकावेही पुसले जातात. ज्या संग्रहाचे कामच मुळी झिजत चाललेल्या रेषा टिपणे हे आहे, त्याला ही उणीव परवडणारी नाही. सुट्या कॅमेऱ्यांत मुख्यतः दोन मापांचे सेन्सर आढळतात. एक ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच. दुसरा साधारण २३.५ मिलिमीटर रुंद व १५.६ मिलिमीटर उंच. पहिला अधिक चांगला हे खरे. परंतु त्याची भिंगेही जड आणि महाग असतात. शाळेच्या रकमेत व मुलांच्या हातांत दुसराच बसेल.

आणि नेमकी येथेच पुष्कळांची फसगत होते. "पन्नासचे भिंग घ्या, ते स्वस्त आणि नामी," असा सल्ला जाणते लोक देतात. तो सल्ला मोठ्या सेन्सरच्या काळातला आहे. भिंगावर लिहिलेला ५० मिलिमीटर हा आकडा म्हणजे त्या भिंगाचे नाभीय अंतर. सेन्सरच्या रुंदीला या अंतराने भागले आणि समोरच्या वस्तूपर्यंतच्या अंतराने गुणले, की चित्रात किती रुंदीचे दृश्य मावेल ते कळते. ६ मीटर लांबीच्या वर्गाच्या एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाचे चित्र घ्यावयाचे आहे असे धरू. मोठ्या सेन्सरवर ५० चे भिंग सुमारे ४.३ मीटर रुंदीचे दृश्य घेईल. लहान सेन्सरवर तेच भिंग २.८ मीटरच घेईल. बाकावरील कडेची मुले चित्राबाहेर राहतील! लहान सेन्सरवर ५० चे काम ३५ चे भिंग करते, कारण त्याने ४ मीटर रुंदीचे दृश्य मिळते. एवढा एक भागाकार घरीच करून जो दुकानात जाईल, त्याला गोड बोलून भुलविणे कठीण.

भिंगावर दुसराही एक आकडा असतो, तो त्याच्या छिद्राचा. हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. कॅमेऱ्याबरोबर स्वस्तात मिळणारे १८ ते ५५ मिलिमीटरचे झूम भिंग लांबच्या टोकाला बहुधा ५.६ पर्यंतच उघडते. ३५ चे एकमापी भिंग १.८ पर्यंत उघडणारे मिळते. दोहोंतून येणाऱ्या प्रकाशात जवळजवळ दहा पटींचा फरक पडतो. सभामंडपात झूम भिंगाला १/६ सेकंद लागत असेल, तर एकमापी भिंगाला १/६० सेकंद पुरतो. १/६ सेकंद हात स्थिर ठेवणे मोठ्यांनाही साधत नाही आणि समोरची आजीबाई तर बोलता बोलता मान हलविणारच. मात्र छिद्र पूर्ण उघडले, की स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो. पुढच्या ओळीतील चेहरे रेखीव येतात, मागचे पुसट होतात. म्हणून समूहचित्राच्या वेळी उजेडात जावे आणि छिद्र लहान करावे.

तेव्हा या शाळेने नित्यासाठी ३५ चे भिंग घ्यावे. पण संबंध मंदिर एका चित्रात हवे आणि मागे सरकावयास जागा नाही, तेव्हा ते थिटे पडेल. तेथे झूम भिंगाचे १८ चे टोक कामास येते. उन्हात त्याचे लहान छिद्र मुळीच आड येत नाही. म्हणून कॅमेऱ्याबरोबर ते झूम मिळत असल्यास नाकारू नये. कॅमेरा आरशाचा की बिनआरशाचा, हा वाद त्या मानाने गौण आहे. नव्या कॅमेऱ्यांत बिनआरशाचेच अधिक असतात व ते हलके असतात. आरशाचे जुने कॅमेरे स्वस्तात मिळतात आणि त्यांची बॅटरी अधिक टिकते. भिंग कॅमेऱ्याच्या तोंडाशी जुळते की नाही, एवढे मात्र प्रत्यक्ष लावून पाहावे.

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला गेले आणि तेथून चलच्चित्राचा विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. या उद्योगासाठी त्यांनी आपला आयुर्विमा गहाण टाकला होता. कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी प्रथम राजवाडा किंवा मिरवणूक टिपली नाही. कुंडीतील वाटाण्याच्या रोपावर तो रोखून महिनाभराहून अधिक काळ ते थोडी थोडी चित्रे घेत राहिले आणि वाढणारे रोप पडद्यावर दाखवून त्यांनी भांडवल मिळविले. पुढे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. आपल्या यंत्राकडून काय काम घ्यावयाचे, हे त्यांना यंत्र घेतानाच ठाऊक होते.

कॅमेरा घरी आल्यावर दोन शत्रूंपासून त्याला जपावे लागते. वसमतकडे शिजवून वाळविलेली हळद ढोलात घालून घासतात, तेव्हा पिवळी धूळ उडते. तेथे भिंग बदलू नये. काचेवर धूळ बसली, तर ती रबरी फुग्याने फुंकून काढावी, सदऱ्याच्या टोकाने पुसू नये. त्या धुळीतील बारीक खड्यांनी काचेवर ओरखडे उठतात. दुसरा शत्रू पावसाळी दमट हवा. तिच्यामुळे भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि ती काढण्याचा खर्च कधी कधी भिंगाच्या किमतीएवढा होतो. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि आषाढ-श्रावणातही आठवड्यातून एकदा बाहेर काढून, समोर पाऊस थांबलेला पाहून, चार चित्रे घ्यावीत.