कथा, चिन्ह आणि शिळा : माँटेसरी प्राथमिक वर्गातील भाषा-उपक्रम

बेंगळुरूच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी हे उपनगर माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या आश्रयाने वाढले. तेथील माँटेसरी प्राथमिक वर्गांत शेजारी बसणाऱ्या मुलांच्या घरभाषा कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, मराठी अशा भिन्न असतात. वर्गाची भाषा बहुधा इंग्रजी. सहा ते नऊ आणि नऊ ते बारा अशा मिश्र वयोगटांच्या या वर्गांत क्रमिक पुस्तकाला दुय्यम स्थान असते. शिक्षिका एक मोठी गोष्ट सांगते आणि मुलांचे पुढचे काम त्या गोष्टीतून फुटते. विश्वाची उत्पत्ती, जीवसृष्टी, मानव, लेखन आणि संख्या या त्या पाच कथा होत. मौखिक कथन हेच येथे ज्ञानाचे प्रवेशद्वार आहे, ही गोष्ट तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला महत्त्वाची वाटावी.

मारिया माँटेसरी १९३९ मध्ये अड्यारला आल्या. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि १९४२ ते १९४४ या कोडाईकनालच्या वास्तव्यात या कथांमागील विश्वशिक्षणाच्या कल्पनेने आकार घेतला. म्हणजे ही कल्पना भारतभूमीवर वाढली. भारतीय भाषांत मात्र नव्हे. मराठीतील माँटेसरी विचार निराळ्या वाटेने आला. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्यासह काम उभारले. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, खडे आले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. तरीही या कार्याचा मुख्य भर शालापूर्व वयावर राहिला.

याची अडचण व्याकरणाच्या उपक्रमात दिसते. नामासाठी काळा त्रिकोण, क्रियापदासाठी लाल वर्तुळ, इंग्रजीतील शब्दपूर्व संबंधशब्दांसाठी हिरवी चंद्रकोर अशी चिन्हे मुले वाक्यातील शब्दांवर मांडतात. ही योजना मुळात इटालियन भाषेवर बेतलेली.  तिच्यात संबंधशब्द सुटा असतो. मराठीत 'घरात' म्हटले की संबंध शब्दाच्या पोटातच शिरतो. 'झाडाखाली'त तर 'झाड'चे आधी 'झाडा' होते आणि मग 'खाली' येते. मग चंद्रकोर ठेवावी कोठे? कन्नड 'मनेयल्लि'पुढेही हाच पेच. उपपदाचे फिकट निळे चिन्ह मराठीत निरुपयोगीच ठरते. मराठी आणि कन्नड मुलांनी आपापली वाक्ये शेजारी मांडली, तर दोन भिन्न भाषाकुळांतील हे साम्य त्यांच्याच हातांना सापडेल. केवळ इंग्रजी वाक्यांवर भागवले, तर घरची भाषा व्याकरण नसलेली आहे असा समज मूल नकळत करून घेते. ही हानी लहान नव्हे.

लेखनाच्या कथेबाबत परिस्थिती अधिक आशादायक आहे. ती कथा रूढ स्वरूपात इजिप्त, फिनिशिया, ग्रीस, रोम अशी जाते. पण ब्राह्मीकडे वळण्यास तिला कोणतीच आडकाठी नाही, कारण देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांचे मूळ तेथेच आहे. या पद्धतीत मुलांनी लहान गटाने, स्वतः आखणी करून शाळेबाहेर जाणे अपेक्षित असते. मारतहळ्ळीहून फार दूर नसलेल्या बेगूरच्या नागेश्वर मंदिरात इ. स. ८९० च्या सुमाराचा, 'बेंगळुरू' हे नाव असलेला शिलालेख आहे. तो वीराच्या स्मरणाचा दगड; कन्नडमध्ये 'वीरगल्लु', मराठीत 'वीरगळ'. मराठी मुलाला हा शब्द तेथे ओळखीचा भेटतो, आणि 'कल्लु' म्हणजे दगड हे कन्नड मित्राकडून कळल्यावर आपल्याच शब्दाचा उलगडा होतो.

मोठ्या गटाला श्रवणबेळगोळ गाठता येईल. गोमटेश्वराच्या पायाशी मूर्ती चामुंडराजाने करविल्याची नोंद कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांत कोरलेली आहे. एकच वाक्य तीन भाषांत समोर असताना क्रियापद कोठे येते, कर्ता कसा ओळखावा, हे प्रश्न मुलांना सुचवावे लागत नाहीत. लाल वर्तुळ तेथे तिन्ही ओळींवर ठेवता येते, आणि ते वाक्याच्या शेवटाकडेच पडते.