पाव मैलाची कसोटी
जुन्या मोटारी, ड्रॅग रेस आणि बिघाड शोधण्याची शिस्त

थांबलेल्या स्थितीतून सुटून सरळ मार्गावरचे ठरावीक अंतर कमीत कमी वेळात कापण्याची दोन गाड्यांमधली चढाओढ म्हणजे ड्रॅग रेस होय. हे अंतर परंपरेने पाव मैलाचे, म्हणजे 1320 फुटांचे किंवा सुमारे 402 मीटरचे असते. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांच्या इंजिनांची ताकद वाढवून त्या पळवण्याचे वेड तरुणांत पसरले आणि भर रस्त्यावरच्या शर्यती जिवावर बेतू लागल्या, तेव्हा या हौसेला सुरक्षित जागा मिळवून देण्याची खटपट सुरू झाली. 1950 साली सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती भरू लागल्या. 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली आणि 1953 मध्ये पोमोना येथे तिची पहिली अधिकृत शर्यत झाली. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरलेली ‘व्हॅली रन’ ही स्पर्धा याच परंपरेतली आहे.

1964 च्या पाँटिॲक जीटीओपासून अमेरिकी कंपन्यांनी मध्यम आकाराच्या गाडीत मोठे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवून ती सामान्य ग्राहकाला विकण्यास सुरुवात केली. 1968 ची प्लिमथ रोड रनर हे त्याचे ठळक उदाहरण असून तिच्या 383 घनइंची, म्हणजे सुमारे 6.3 लिटरच्या इंजिनाची जाहीर ताकद 335 अश्वशक्ती होती. अशी गाडी आजही रोजच्या रस्त्यावर चालवून, तीच शर्यतीला नेणारे हौशी चालक अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढचा पेच केवळ वेगाचा नसतो. उन्हात वाहतुकीत अडकल्यावर तापू नये, पंपावरच्या पेट्रोलवर चालावी आणि संध्याकाळी स्वतःच्या चाकांवर घरी परतावी, या अपेक्षाही त्याच गाडीने पुऱ्या करायच्या असतात.

अशा गाडीचा दोष शोधण्याचे सर्वांत प्रामाणिक साधन म्हणजे शर्यत संपल्यावर हाती पडणारी वेळेची चिठ्ठी. सुरुवातीच्या रेषेवर प्रकाशकिरण असतात आणि पुढचे चाक किरणातून बाहेर पडताच घड्याळ सुरू होते, त्यामुळे हिरवा दिवा लागल्यावर चालकाने किती उशीर केला हे वेगळे नोंदले जाते आणि गाडीला लागलेला वेळ वेगळा. चिठ्ठीवर पहिल्या 60 फुटांचा, 330 फुटांचा, अर्ध्या अंतराचा आणि पूर्ण अंतराचा वेळ, तसेच शेवटच्या टप्प्यातला वेग छापलेला असतो. शेवटचा वेग मुख्यतः इंजिनाची ताकद दाखवतो, तर 60 फुटांचा वेळ ती ताकद जमिनीपर्यंत कितपत पोहोचली हे सांगतो. म्हणूनच शेवटचा वेग चांगला आणि एकूण वेळ वाईट असेल, तर इंजिन उघडण्याआधी टायर, मागच्या स्प्रिंगांचे पाटे आणि गाडी सोडण्याची पद्धत तपासणे शहाणपणाचे ठरते.

सुटताना होणारे बिघाड बहुधा दोन प्रकारचे असतात. पहिल्यात मागची चाके जमिनीवर थडथड उड्या मारतात, कारण जोर येताच मागचा आस उलट दिशेने फिरू पाहतो, पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात आणि सुटून पुन्हा वळतात. हे रोखण्यासाठी पाट्यांखाली आधाराचे दांडे बसवतात. दुसऱ्या प्रकारात ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर गुदमरते. कार्ब्युरेटरची झडप एकदम उघडली की हवा तत्काळ आत घुसते, परंतु जड असलेले पेट्रोल मागे राहते, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी कार्ब्युरेटरमध्ये एक छोटा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो. इंजिन बंद ठेवून, एअर क्लीनर काढून आणि ॲक्सिलरेटरची दांडी हाताने हलवून आत पाहिले असता, दांडी हलल्याच्या क्षणीच पेट्रोलची स्पष्ट धार दिसली पाहिजे. ती उशिरा किंवा तुटक येत असेल, तर दोष तिथेच असण्याचा संभव मोठा असतो.

वेग वाढल्यावर होणारे बिघाड ओळखणे अधिक अवघड असते, कारण वेगवेगळ्या दोषांची लक्षणे चालकाला सारखीच जाणवतात. येथे बिघाड केव्हा होतो, हा प्रश्न निर्णायक ठरतो. प्रत्येक गिअरमध्ये इंजिन ठरावीक फेऱ्यांवर पोहोचताच मिसिंग करू लागत असेल, तर संशय डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटांवर किंवा व्हॉल्व्हच्या कमजोर झालेल्या स्प्रिंगांवर जातो, कारण दोन्हींची हालचाल इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेली असते. याउलट, पहिल्या दोन गिअरमध्ये गाडी उत्तम पळून अखेरच्या टप्प्यातच मंदावत असेल, तर पेट्रोल पुरत नसण्याची शक्यता अधिक, कारण कार्ब्युरेटरच्या वाटीतला साठा संपेपर्यंत ही उणीव झाकली जाते आणि जुना पंप किंवा तुंबलेला फिल्टर तेवढ्या वेगाने वाटी भरू शकत नाही. रांगेत ताटकळल्यानंतर गाडी नीट सुरूच होत नसेल, तर इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ झाली असण्याचा संभव लक्षात घ्यावा लागतो.

ठिणगीच्या वेळेचे, म्हणजे टायमिंगचे, गणित तितकेच नाजूक आहे. यातल्या अनेक इंजिनांना पूर्ण जोरावर पिस्टन वर पोहोचण्याच्या सुमारे 34 ते 36 अंश आधी ठिणगी लागते. पण ही इंजिने शिसेयुक्त, उच्च ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी घडवलेली असल्याने आजच्या इंधनावर तीच वेळ कधी कधी नॉकिंगला, म्हणजे मिश्रणाच्या अनियंत्रित स्फोटाला, कारण ठरते. पूर्ण जोराच्या धावेनंतर लगेच इंजिन बंद करून काढलेला प्लग याची साक्ष देतो: चिनी मातीचा भाग काजळीने काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी किंवा उष्णता अति, आणि त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले, तर पिस्टनलाच इजा होऊ लागली आहे असे समजून धाव तेथेच थांबवावी.

या साऱ्या शोधात एक नियम मोडला तर बाकीचे ज्ञान वाया जाते: एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक धावेबरोबर हवेचे तापमान, टायरमधली हवा आणि केलेला बदल लिहून ठेवावा. डेन्व्हरजवळ सुमारे 5800 फूट उंचीवर असलेल्या बँडिमेअर स्पीडवेवर निरोगी गाडीही विरळ हवेमुळे समुद्रसपाटीपेक्षा हळू धावत असे. अशी नोंद नसेल, तर हवेचा दोष इंजिनाच्या माथी मारला जातो. कार्ब्युरेटर, टायमिंग आणि टायर एकाच दुपारी बदलणाऱ्याची गाडी वेगवान झाली, तरी कशामुळे झाली हे त्याला कळत नाही.

हौशी चालकांच्या ब्रॅकेट रेसिंग या प्रकारात या शिस्तीचे फळ थेट मिळते. त्यात प्रत्येकजण आपल्या गाडीचा अपेक्षित वेळ आधी जाहीर करतो, हळू गाडीला तेवढी सवलत देऊन आधी सोडले जाते आणि जाहीर वेळेपेक्षा लवकर पोहोचणारा सामान्यतः बाद होतो. त्यामुळे पंधरा सेकंदांची गाडीही दहा सेकंदांच्या गाडीला हरवू शकते, फक्त तिने प्रत्येक वेळी तोच वेळ नोंदवला पाहिजे, आणि ते सातत्य दोष नेमका ओळखून दुरुस्त केल्याशिवाय येत नाही.

2005 पासून ‘हॉट रॉड’ मासिकाने भरवलेल्या ‘ड्रॅग वीक’मध्ये स्पर्धक आठवडाभर एकेका ट्रॅकवर धावून, सुटे भाग आणि हत्यारे त्याच गाडीतून नेत पुढच्या ट्रॅकपर्यंत रस्त्याने जातात आणि एकूण 1000 मैलांहून अधिक अंतर कापतात. जुन्या गाडीचा हाच खरा निकष मानावा लागेल. ट्रेलरवरून आणून एकदा वेगाने पळवलेल्या गाडीपेक्षा, जिचा प्रत्येक आवाज मालकाला ओळखता येतो आणि जी शर्यतीनंतरही रस्त्यावर विश्वासाने चालते, ती गाडी अधिक जपणुकीच्या लायकीची ठरते, कारण तिच्याबरोबर कारणापर्यंत पोहोचण्याची विद्याही जिवंत राहते.