रुग्णालय परिसर आणि परवानाधारक शस्त्र : बंदीचा अधिकार व त्याच्या मर्यादा

प्रस्तावना :
द्रुतगती मार्ग, जुना पुणे रस्ता आणि गोवा महामार्ग यांच्या सान्निध्यात वसलेल्या पनवेल शहरात रुग्णालयाचे दार रात्रंदिवस उघडे ठेवावे लागते. अपघातग्रस्तांसोबत भेदरलेले, संतापलेले नातेवाईकही त्याच दारातून आत येतात. अशा वेळी एखाद्याच्या कमरेला परवान्याचे पिस्तूल असल्यास ते बाहेर ठेवण्यास सांगण्याचा अधिकार रुग्णालयास असावा काय, या प्रश्नाचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

कायदेशीर स्थिती :
भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये ती परवान्याने मिळणारी सवलत आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे असा हक्क आपल्या संविधानाने कोणासही दिलेला नाही, याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये लक्ष वेधले आहे. तो हक्क मान्य असलेल्या अमेरिकेतही न्यूयॉर्क राज्याने २०२२ च्या कायद्यात आरोग्यसेवेच्या जागा संवेदनशील ठरवून तेथे शस्त्र नेण्यास मनाई केली. मग आपल्याकडे अडचण कोठे आहे?

ती परवान्याच्या शर्तींत आहे. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा आणि शैक्षणिक संस्थेचा परिसर येथे विशेष परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. या यादीत रुग्णालयाचा स्वतंत्र उल्लेख नाही. परिणामी विसंगती निर्माण होते. कामोठे येथील एम.जी.एम. रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयास जोडलेले असल्याने शैक्षणिक परिसर म्हणून तेथे ही शर्त लागू होते, असे म्हणता येईल. परंतु पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयाबाबत तसे म्हणता येणार नाही. दोन्ही ठिकाणचा रुग्ण मात्र सारखाच असहाय असतो. वैद्यकीय सेवा व्यक्ती व संस्था यांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये केलेला कायदा हिंसेस शिक्षा देतो; शस्त्र दाराशी थांबविण्याची तरतूद त्याचा विषय नाही.

धोक्याचे स्वरूप :
रुग्णालयातील गोळीबार म्हटला की १२ सप्टेंबर १९९२ चे जे. जे. रुग्णालयातील हत्याकांड आठवते. त्यात पहाऱ्यावरील दोन पोलीसही मृत्युमुखी पडले. परंतु ते टोळीयुद्ध होते. ठरवून आलेल्या मारेकऱ्यास दारावरील फलक अडवीत नाही, हे मान्य केले पाहिजे. बंदीचे प्रयोजन निराळे आहे. ती कायदा पाळणाऱ्या, पण त्या क्षणी भान हरपलेल्या माणसासाठी आणि निव्वळ अपघात टाळण्यासाठी आहे.

अपघाताचे उदाहरण बोलके आहे. जानेवारी २०२३ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलो येथे एक वकील आईसोबत एम.आर.आय. कक्षात गेला. धातूच्या वस्तू बाहेर ठेवण्याची सूचना असूनही परवान्याचे पिस्तूल त्याच्याजवळच राहिले. चुंबकाने ते खेचले, गोळी सुटून त्याच्या पोटात घुसली व पुढे त्याचा मृत्यू झाला. नेहमीच्या १.५ टेस्ला यंत्राचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते आणि सामान्यतः ते तपासणी नसतानाही चालूच असते. तेथे पिस्तूलधारकाचा हेतू कितीही शुद्ध असला तरी उपयोग नाही.

आक्षेप आणि व्यवहार :
ज्याच्या जिवास धोका आहे म्हणून शासनाने परवाना दिला, त्यास रुग्णालयात निःशस्त्र का करावे, हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. तथापि खाटा, प्राणवायूच्या नळ्या व पळू न शकणारे रुग्ण यांच्यामध्ये स्वसंरक्षणार्थ झाडलेली गोळीही तिसऱ्याचाच बळी घेण्याची शक्यता अधिक. ज्यास खरोखर धोका आहे त्याच्या रक्षणाचे काम पोलिसांचे आहे. कैदी रुग्णावरील पहारा त्यामुळेच बंदीतून वगळावा लागेल.

खरी अडचण पुढे आहे. काढून घेतलेले शस्त्र ठेवायचे कोणाकडे? अधिनियमाच्या कलम ३ नुसार परवान्याविना अग्निशस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे. म्हणजे दारावरील रक्षकाने सद्भावनेने पिस्तूल ताब्यात घेतले तर तोच अडचणीत येईल. शस्त्र मोटारीत ठेवण्यास सांगितले तर वाहनतळावर चोरीची भीती. शिवाय परमानंद कटारा खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने तातडीचे उपचार हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरविले आहे. त्यामुळे शस्त्र जवळ आहे या कारणास्तव जखमीस परत पाठविता येणार नाही. अडवायचे ते शस्त्रास, रुग्णास नव्हे.

पनवेलसाठी शक्य मार्ग :
खाजगी रुग्णालय आपल्या जागेत प्रवेशाची अट घालू शकते. परंतु ती अट मोडणाऱ्यास बाहेर जाण्यास सांगण्यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही नसते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये शस्त्रे बाळगण्यास मनाई करण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांस आहे. पनवेल नवी मुंबई आयुक्तालयात येत असल्याने हा मार्ग उपलब्ध आहे. मात्र असे आदेश मुदतीचे असतात. कायमचा उपाय म्हणजे परवान्याच्या शर्तींत ‘शैक्षणिक संस्था’ या शब्दांपुढे ‘रुग्णालय’ हा शब्द घालणे. त्याच्या जोडीला मोठ्या रुग्णालयांत पोलीस चौकी व तेथे पावती देऊन शस्त्र जमा करण्याची सोय हवी. लहान रुग्णालयांसाठी नजीकचे पोलीस ठाणे हे काम करू शकेल.

निष्कर्ष :
पनवेल तालुक्यातच ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. तेथे प्रवाशाने पिस्तूल कमरेला लावून विमानात बसू नये, याबद्दल कोणी वाद घालीत नाही. विमानातील प्रवाशाप्रमाणेच खाटेवरील रुग्णही उठून दूर जाऊ शकत नाही. म्हणून रुग्णालयास बंदीचा अधिकार असावा. परंतु तो कायद्याने दिलेला, शस्त्र जमा करण्याच्या सोयीसह आणि उपचाराच्या आड न येणारा असावा. यांपैकी एकही अट गाळली तर बंदी दारावरील फलकापुरतीच उरेल.