आत्याबाईंचं मशीन आणि विमानाचा प्रवास

(सामुदायिक रेडिओच्या महिला कार्यक्रमात हदगावच्या दोघी जावांनी केलेलं भाषण)

आम्ही दोघी जावा-जावा. आज आम्ही तुम्हाला आमच्या आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची गोष्ट सांगणार आहोत. त्यांना विचारूनच सांगतोय. त्या म्हणाल्या, "सांगा गं, माझी फजिती झाली ती झाली, दुसरीची होऊ नये."

आत्याबाई घोरायच्या. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपलो की शेजारची पोरं हसायची. आत्याबाई लाजायच्या आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून बसायच्या. आम्हालाही वाटायचं, बाई दिवसभर राबते, थकून घोरते. पण एका रात्री धाकटीला जाग आली, ती आवाज थांबल्यामुळं. नुसतं घोरणंच थांबलं नव्हतं, श्वासही थांबला होता. तिनं मनात आकडे मोजले. वीसपर्यंत पोचली तेव्हा आत्याबाईंनी घुसमटल्यासारखा मोठा श्वास ओढला, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागल्या. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. त्या रात्री आम्ही दोघी झोपलो नाही.

नांदेडला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी झोपेची तपासणी करायला सांगितलं. रात्रभर बोटाला, छातीला, नाकाशी वायरी लावून ठेवतात आणि तासाला किती वेळा श्वास अडतो ते मोजतात. पाच ते पंधरा वेळा अडला तर आजार सौम्य, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम, तिसाच्या वर म्हणजे गंभीर. आत्याबाईंचा आकडा बेचाळीस आला. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात.

यात होतं काय? आपण गाढ झोपलो की घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा इतका मिटतो की हवेची वाटच बंद होते. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू घाबरून माणसाला जागं करतो, वाट मोकळी होते. आपण जागे झालो हे आपल्याला आठवतही नाही, पण रात्रभर असं झालं तर झोप होणार कशी? सकाळी डोकं दुखतं, दिवसा पेंग येते, चिडचिड होते, ब्लडप्रेशर वाढतं, हृदयावर ताण येतो. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं आणि ते घराघरात पोचलं.

मैत्रिणींनो, आपल्या बाबतीत हा आजार जास्त लपतो. पुरुष घोरला तर बायको सांगते. बाई घोरली तर तीच तोंडावर पदर घेते. त्यातून बाईचं घोरणं कधी हलकं असतं. ती डॉक्टरांना सांगते थकवा येतो, झोप लागत नाही, मन लागत नाही. मग कुणी म्हणतं रक्त कमी आहे, कुणी म्हणतं वय झालं. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा आजार वाढतो, हे लक्षात ठेवा.

यावरचा मुख्य उपाय म्हणजे सीपॅप नावाचं मशीन. मशीन हवा ओढतं आणि नळीतून, नाकावरच्या मास्कमधून, ठरावीक दाबानं घशात सोडतं. त्या हवेच्या दाबानं घसा मिटत नाही. पुष्कळांना वाटतं हे ऑक्सिजनचं मशीन आहे. तसं नाही. हवा आपल्या खोलीतलीच, फक्त दाब देऊन आत जाते. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० साली हा प्रयोग केला आणि १९८१ मध्ये तो जगापुढं मांडला. सुरुवातीचं यंत्र त्यांनी घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून बनवलं होतं.

आत्याबाईंना पहिले पंधरा दिवस मास्क नको नको झाला. मग एका सकाळी म्हणाल्या, "आज लई वर्षांनी झोपले गं मी." त्यानंतर मशीन त्यांच्या उशाशी पाण्याच्या तांब्यासारखं कायमचं आलं. लाइट गेली तर चालावं म्हणून इन्व्हर्टर घेतला.

आणि मग आमच्या नणंदेला दिवस गेले. ती अमेरिकेत, न्यू जर्सीत. लेकीचं बाळंतपण म्हटल्यावर आई जाणारच. मेतकूट, डिंकाचे लाडू, बाळंतविडा, सगळं भरलं. मशीनचं काय? आम्हीच शहाणपणा केला. म्हटलं, हातात कशाला ओझं, मोठ्या बॅगेत साड्यांच्या मध्ये ठेवू, म्हणजे फुटणार नाही. ती बॅग हैदराबादच्या विमानतळावर काउंटरवर देऊन टाकली. मध्ये विमान बदललं, आत्याबाई पोचल्या, बॅग पोचली नाही. ती आली पाचव्या दिवशी.

त्या चार रात्री आत्याबाई सोफ्यावर बसून झोपल्या. आडवं व्हायची भीती. आणि नऊ महिने भरत आलेली लेक शेजारी खुर्ची टाकून आईचा श्वास मोजत बसली. जी सेवा करायला गेली तिचीच सेवा करायची वेळ. हे फोनवर ऐकलं आणि आम्हाला रडू आलं. चूक विमानवाल्यांची होती तशी आमचीही होती. म्हणून पुढच्या वेळी आम्ही सगळी चौकशी करून तयारी केली. तीच आता सांगतो. कागद-पेन घेऊन बसा.

पहिली गोष्ट. मशीन कधीही काउंटरवर द्यायच्या बॅगेत ठेवायचं नाही. ते आपल्यासोबत, हातात. मशीनची वेगळी छोटी पिशवी ठेवा. अमेरिकेला जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या विमानांना तिथल्या सरकारचा नियम लागू आहे, की असं औषधोपचाराचं साधन हातातल्या सामानाच्या मोजणीत धरायचं नाही. म्हणजे एक बॅग, एक पर्स आणि वर मशीन. पण त्या पिशवीत फक्त मशीन आणि त्याचंच सामान हवं. त्यात लाडवाचा डबा कोंबला तर ती साधी बॅग झाली. आपल्या देशातल्या विमानांत आणि मध्ये विमान बदलताना कंपनीप्रमाणे नियम बदलतात, म्हणून तिकीट काढल्यावर कंपनीला विचारून घ्या. उत्तर ईमेलवर मागवा आणि त्याची प्रिंट सोबत ठेवा. तोंडी उत्तर काउंटरवर कामाला येत नाही.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांची चिठ्ठी. इंग्रजीत, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. तिच्यात आजाराचं नाव, मशीनचं नाव, किती दाबावर लावलंय तो आकडा आणि पेशंटला हे रोज रात्री लागतं, असं लिहून घ्या. चिठ्ठीच्या तीन झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. परदेशात मशीन बिघडलं तर तिथला डॉक्टर हीच चिठ्ठी वाचून दुसरं देईल.

तिसरी गोष्ट, तपासणी. लॅपटॉपसारखंच मशीनही पिशवीतून काढून ट्रेमध्ये ठेवावं लागतं. घाबरायचं नाही. रोज कितीतरी मशीनं तिथून जातात. नळी आणि मास्क पिशवीतच राहू देतात. ट्रे कसे असतात ते आपण बघतोच, म्हणून मशीनला वरून एक स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी घाला. ज्यातून हवा नाकात जाते ते स्वच्छच राहिलं पाहिजे. इंग्रजी येत नसेल तर "मेडिकल, सीपॅप" एवढे दोन शब्द पुरतात. आत्याबाईंनी तेवढेच पाठ केले होते.

चौथी गोष्ट, पाणी. मशीनच्या पोटात पाण्याचा छोटा डबा असतो, हवा ओलसर राहावी म्हणून. प्रवासाला निघताना तो रिकामा करून, पुसून, वाळवून मगच भरा. मशीन हलवताना पाणी आत मोटरमध्ये गेलं की मशीन कामातून गेलं. डब्यात डिस्टिल्ड पाणी घालावं, म्हणजे क्षार बसत नाहीत. ते मेडिकलमधून घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी श्वासात जायच्या डब्यात घालू नका. परदेशी विमानात शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली हातात नेऊ देत नाहीत, त्यामुळं पाणी इथून वाहून न्यायची गरज नाही. अमेरिकेत किराणा दुकानातही कॅनमध्ये मिळतं. एखादी रात्र अडलं तर उकळून गार केलेलं पाणी चालतं, पण दुसऱ्या दिवशी डबा धुवा.

पाचवी गोष्ट, वीज. आपल्याकडं २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०. मशीनच्या चार्जरवर बारीक अक्षरात १०० ते २४० असं लिहिलेलं असेल तर ते दोन्हीकडं चालतं. मोठा ट्रान्सफॉर्मर न्यायची गरज नाही. फक्त प्लगची पिन वेगळी असते, तेवढी घ्या. एक लांब वायरही घ्या, कारण पाहुण्यांच्या खोलीत प्लग पलंगाजवळ असेलच असं नाही.

आता मोठा प्रश्न. विमानात झोपताना मशीन लावायचं का? नांदेडहून किंवा हैदराबादहून दीड-दोन तासांचा प्रवास असेल तर प्रश्नच नाही, जागं राहा, गप्पा मारा. चौदा-पंधरा तासांचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. विमानातली हवा सहा ते आठ हजार फूट उंचावरच्या डोंगरासारखी विरळ असते. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही, पण ज्यांना या आजारासोबत हृदयाचा किंवा फुप्फुसाचाही त्रास आहे, त्यांनी विचारल्याशिवाय निघूच नये. आजची बहुतेक मशीनं उंचीप्रमाणे दाब आपोआप जुळवून घेतात, जुनं मशीन असेल तर विचारून घ्या.

विमानात मशीन वापरायचं ठरलं तर कंपनीला निदान ४८ तास आधी कळवावं लागतं. सीटजवळ प्लग असला तरी त्याच्यावर विसंबू नका. पाणी गरम करणारा भाग लावला की तो प्लग बंद पडू शकतो. त्यामुळं तो भाग बंद ठेवायचा. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे कंपनी प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल एवढी बॅटरी मागू शकते. म्हणजे चौदा तासांच्या प्रवासाला एकवीस तासांची. एवढ्या बॅटऱ्या नेणं सोपं नाही. म्हणून डॉक्टरांनी आत्याबाईंना सांगितलं, विमानात मशीन लावू नका, पाठ टेकून बसून डुलक्या घ्या, आडव्या होऊ नका आणि झोपेची गोळी अजिबात नको. झोपेच्या गोळीनं आणि दारूनं घसा आणखी सैल पडतो.

बॅटरी न्यायचीच असेल तर हिशोब असा. बॅटरीवर वॅट-अवर लिहिलेलं असतं. शंभरपर्यंत असेल तर चालते. शंभर ते एकशेसाठ असेल तर कंपनीची परवानगी लागते आणि अशा जादा बॅटऱ्या दोनच नेता येतात. त्याच्या वर चालत नाही. सुटी बॅटरी नेहमी हातातल्या सामानात, काउंटरच्या बॅगेत कधीच नाही, कारण तिथं पेट घेतला तर कुणाला कळणार नाही. आणि मोबाइलची साधी पॉवरबँक या मशीनला चालत नाही, मशीनला जास्त व्होल्ट लागतात.

विमानाचं झालं, पण आपल्याला आधी विमानापर्यंत पोचायचं असतं. हदगावहून वारंगा फाटा, अर्धापूर करत नांदेड, आणि तिथून देवगिरी किंवा नंदिग्रामनं रातोरात मुंबई. गाडीतल्या प्लगवर मशीन चालेल अशा भरवशावर राहू नका. २०२१ पासून रेल्वेनं रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे प्लग बंद ठेवायला सुरुवात केली, कारण आगीची भीती. जमलं तर दिवसाच्या गाडीनं जा आणि रात्रीचं विमान असेल तर आदल्या रात्री कुणाकडं तरी मुक्काम करून मशीन लावून नीट झोपून घ्या. हे हजला जाणाऱ्या आमच्या मैत्रिणींनीही ध्यानात ठेवावं.

एक शेवटचं. पैसे वाचवायला कुणाचं जुनं मशीन घेत असाल तर जपून. २०२१ मध्ये एका मोठ्या परदेशी कंपनीनं जगभरातली लाखो मशीनं परत मागवली होती, कारण आवाज कमी करायला आत घातलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. शिवाय दाब ज्याचा त्याला वेगळा असतो. चष्म्यासारखं आहे हे, दुसऱ्याचा नंबर आपल्याला चालत नाही.

दुसऱ्या खेपेला आत्याबाई एकट्या गेल्या. खांद्याला मशीनची पिशवी, पर्समध्ये चिठ्ठी. तपासणीला त्यांच्या मागं उभी असलेली एक बाई हळूच म्हणाली, "हे माझ्याकडंपण आहे, पण मी घरीच ठेवून आले. लोक काय म्हणतील?" आत्याबाईंनी तिला सांगितलं, "लोकांना काय, ते झोपतात. आपल्याला झोप लागली पाहिजे ना?"

पोचल्या त्याच रात्री त्यांनी मशीन लावलं आणि नातवाला कुशीत घेऊन झोपल्या. नणंदेनं आम्हाला व्हिडिओ पाठवला. त्यात घोरणं नव्हतं, नुसता मशीनचा बारीक आवाज होता.

मैत्रिणींनो, आज रात्री घरातल्या घोरणाऱ्या माणसाजवळ पाच मिनिटं बसा. हसू नका, नुसतं ऐका. मध्येच आवाज थांबला तर आकडे मोजा. दहाच्या पुढं गेलात आणि असं पुन्हा पुन्हा झालं, तर डॉक्टरांकडं घेऊन जा. आणि घोरणाऱ्या तुम्ही असाल तर आपल्या सुनेला, लेकीला, जावेला ऐकायला सांगा. त्यात लाजायचं काही नाही.