टंचाईच्या महिन्यांतील सकस आहार

आषाढाचे दिवस धाराशिव जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला दरवर्षी कठीण जातात. बी-बियाणे, खते आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांवर हातचा पैसा खर्च झालेला असतो; रब्बीची ज्वारी कणगीच्या तळाला गेलेली असते आणि खरिपाचे पीक घरात येण्यास अद्याप अवधी असतो. अशा वेळी गृहिणी काटकसरीला प्रारंभ करते. तो ती जेथून करते, तेथेच खरी अडचण आहे. भाकऱ्यांची संख्या कायम राहते आणि डाळ कमी होते. आमटी पातळ होत जाते, भाजी एक दिवसाआड येते आणि सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या ताटात भाकरी व ठेचा एवढेच उरते. पोट भरल्यासारखे वाटते. परंतु वाढत्या मुलाला आणि गरोदर स्त्रीला जे हवे असते, नेमके तेच ताटातून गेलेले असते.

याचे कारण धान्याच्या घडणीत आहे. ज्वारी आणि गहू यांच्या प्रथिनांत लायसिन हा आवश्यक घटक फार कमी असतो. तो डाळी व कडधान्यांत भरपूर असतो. उलट, डाळींत जो मेथिओनिन हा घटक कमी पडतो तो धान्यातून मिळतो. म्हणूनच भाकरी आणि वरण एकत्र खाल्ल्याने जे पोषण होते, ते नुसती भाकरी वाढवून होत नाही. तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण आहारतज्ज्ञ चांगले मानतात.

हिशेबच करावयाचा तर पाच माणसांच्या घरी दिवसाला दीड किलो ज्वारी लागते असे धरू. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच हुलग्यात किंवा तुरीच्या डाळीत ती सुमारे 22 ग्रॅम असतात. दीड किलोतील 200 ग्रॅम ज्वारी कमी करून तेवढेच हुलगे शिजविले, तर चुलीवरचे वजन तेच राहते आणि घराला 24 ग्रॅम प्रथिने अधिक मिळतात. काटकसर करावयाचीच झाली, तर ती धान्यात करावी, डाळीत नव्हे.

दुष्काळाशी या जिल्ह्याची जुनी ओळख आहे. 1972 च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी रेशनवर मिळे आणि कामावर सुकडी वाटली जाई. मे 1973 मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख मजूर होते. मिलोची भाकरी लोकांनी नाइलाजाने खाल्ली. वयस्क मंडळी तिची आठवण आजही नाक मुरडूनच काढतात.

हुलग्याचा उपयोग

हुलगा, म्हणजेच कुळीथ, हलक्या जमिनीत आणि थोड्या पावसावर येतो. गरिबाचे धान्य म्हणून त्याला कमी लेखण्याची रीत पडली आहे. ती सोडण्याजोगी आहे. हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे पीठ, लसूण, जिरे, तिखट व मीठ घालून ते घट्ट मळावे, त्याच्या बोटाएवढ्या जाडीच्या वळ्या करून त्यांना वेढा द्यावा आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात त्या शिजवाव्यात. हेच शेंगोळे. पाण्यात उतरलेल्या पिठाने रस्सा आपोआप दाट होतो, वेगळी आमटी लागत नाही आणि इंधनही एकाच भांड्याचे जळते. रेशनच्या गव्हासाठी वरणफळे हा असाच प्रकार आहे. लहान मुले व आजारी माणसे यांना भाजलेल्या हुलग्याच्या पिठाचे माडगे द्यावे. भाजी नसलेल्या दिवशी येसराची आमटी घराला सांभाळते, हे मराठवाड्यातील गृहिणींना सांगावयास नकोच. मात्र त्या दिवशी येसराबरोबर मूठभर डाळही शिजावी.

कडधान्य रात्री भिजवून, मोड आणून शिजविल्यास ते लवकर शिजते, पचनास हलके होते आणि त्यातील लोह शरीराला अधिक मिळते. जेवताना लिंबाची फोड घेतल्याने लोहाचे शोषण वाढते. जेवणावर लगेच चहा घेतल्याने ते घटते.

शेतात सोयाबीन, घरात नाही

जिल्ह्यात खरीप ज्वारीची जागा आता मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली आहे. ते सगळे बाजारात जाते आणि त्याच पैशातून शेतकरी डाळ विकत आणतो. सोयाबीनमध्ये डाळीच्या दीडपटीहून अधिक प्रथिने असतात. तथापि कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे द्रव्य असते; ते उष्णतेने नष्ट होते. यास्तव निवडलेले दाणे उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवावेत, कडक उन्हात पूर्ण वाळवावेत आणि नऊ किलो गहू किंवा ज्वारीत एक किलो या प्रमाणात दळावेत. पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे मात्र कोणत्याही परिस्थितीत खाण्यात येता कामा नये.

पैसा संपतो त्याच सुमारास बांधावर तांदुळजा, चिघळ आणि पाथरी उगवू लागते, हा निसर्गाचा मोठाच उपकार. पण सोयाबीनमध्ये तणनाशकाची फवारणी वाढल्यापासून या भाज्या कमी होत चालल्या आहेत, आणि फवारलेल्या शेतातील भाजी खुडणे धोक्याचे आहे. घराजवळ शेवग्याचे एक झाड असले तरी त्याचा पाला वरणात घालता येतो. धुण्याभांड्यांच्या सांडपाण्यावर ते सहज वाढते.

अन्न सुरक्षा कायद्यानुसार (2013) प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा 5 किलो धान्य मिळते. 1 जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. पाच माणसांना हे दिवसाला सुमारे 830 ग्रॅम होते, म्हणजे वर धरलेल्या दीड किलोच्या निम्म्याहून थोडे अधिक. डाळ या हक्कात नाही. शिवाय धाराशिवसह चौदा जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना 2015 पासून मिळणाऱ्या स्वस्त धान्याऐवजी 2023 मध्ये रोख रक्कम देण्याचा निर्णय झाला. प्रारंभी ती माणशी दरमहा 150 रुपये होती. धान्याची पिशवी घरी येत असे तेव्हा ती चुलीपर्यंत पोहोचे. खात्यात जमा झालेली रक्कम कोठे जाते, हे प्रत्येक घराचे घरालाच ठाऊक. ती डाळीसाठी राखून ठेवण्याचा विषय ग्रामसभेत आणि महिला बचत गटांच्या बैठकीत निघावयास हवा. मुलांच्या हाती दररोज जाणाऱ्या पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटाचाही हिशेब तेथेच मांडता येईल. त्याऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे व गुळाचा खडा दिल्यास मुलाचे अधिक भले होते.

हरभऱ्याचे शेंडे खुडण्याचे काम रब्बीत घरोघर चालते. हा कोवळा पाला सावलीत वाळवून कोरड्या डब्यात ठेवला की आषाढापर्यंत टिकतो. भिजवून, थोड्या डाळीच्या पिठाबरोबर शिजविल्यास पाच माणसांना दोन मुठी पुरतात.