टबातील पाणी आणि वर्गातील विचार

मुलांनी केवळ पाठांतर न करता विचार करावा, असे आपण सर्वच म्हणतो. मात्र एखादी गोष्ट काळानुसार कशी बदलत जाते, हे उमगणे सुशिक्षितांनाही जड जाते. २००० साली जॉन स्टरमन व लिंडा बूथ स्वीनी यांनी अमेरिकेतील एमआयटी ह्या नामवंत संस्थेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना साधा प्रश्न घातला: टबात इतके पाणी येते, इतके जाते, पातळीचा आलेख काढा. कित्येकांचे उत्तर चुकले! येणारे पाणी कमी होऊ लागले की पातळीही उतरते, असे त्यांना वाटले. वस्तुतः जाणाऱ्यापेक्षा येणारे पाणी अधिक आहे तोवर पातळी चढतच राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइड असो वा घरचे कर्ज, नियम हाच.

साठा आणि प्रवाह यांचा हा विचार म्हणजे ‘सिस्टिम डायनॅमिक्स’. एमआयटीतच जे फॉरेस्टर यांनी १९५६ नंतर तो विकसित केला. तेथील निवृत्त अधिष्ठाता गॉर्डन ब्राऊन यांनी १९८८ मध्ये तो ॲरिझोनातील टक्सन येथील ऑरेंज ग्रोव्ह शाळेत नेला. जीवशास्त्राच्या वर्गात मुले ‘स्टेला’ ह्या संगणक-प्रणालीवर प्रतिमाने रचू लागली. चौकट म्हणजे साठा, नळ म्हणजे प्रवाह. आकडे बदलावेत आणि परिणाम पाहावा. वर्षाचा अभ्यासक्रम पाच आठवडे आधीच संपला, हे विशेष.

संगणक नसला तरी आमच्या मते अडू नये. बादली, नळ, मोजपट्टी व आलेखाचा कागद पुरे. मात्र नळ सोडण्यापूर्वी मुलांकडून अंदाजाचा आलेख काढून घ्यावा आणि मग तो मोजमापाशी ताडून पाहावा.