केस रंगवा, पण आधी कानामागे पाहा

वाणगाव : पहाटेची लोकल पकडून मुंबईकडे धावणाऱ्या वाणगावकराला केस रंगविण्यासाठी सवड मिळते ती रविवारीच. काळ्या मेंदीची पुडी पाण्यात कालवायची, ब्रशने लावायची आणि तासाभरात डोके धुऊन मोकळे व्हायचे. मेंदी म्हटली की ती निर्धोकच, असा समज यामागे असतो. तो चुकीचा आहे.

मेंदीच्या पानातील 'लॉसोन' हे द्रव्य केसांना तांबूस-नारिंगी छटा देते. काळी कधीच नाही. मेंदीनंतर निळीच्या पानांचा लेप दिल्यास केस काळपट होतात, हा अपवाद. एरवी एकाच लेपात दाट काळा रंग येत असेल, तर त्यात बहुधा 'पॅराफेनिलिनडायमिन' अर्थात 'पीपीडी' हे रसायन मिसळलेले असते. त्याची अॅलर्जी पहिल्या वेळी दिसेलच असे नाही. वर्षानुवर्षे तोच रंग लावणाऱ्यालाही ती अचानक होऊ शकते व एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. मिरची तोडणाऱ्या हातांची आग थोड्या वेळाने शमते. येथे मात्र प्रत्येक खेपेस त्रास वाढण्याचा धोका असतो.

म्हणूनच १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनी अशा रंगांच्या वेष्टनावर सावधगिरीची सूचना बंधनकारक केली. कानामागील किंवा हाताच्या आतील बाजूची त्वचा स्वच्छ करून तेथे थोडा तयार रंग लावावा, वाळू द्यावा आणि २४ तासांनी धुऊन पाहावे. खाज वा लाली दिसल्यास तो वापरू नये, असे ती सांगते. काही वेळा प्रतिक्रिया उशिरा येते, त्यामुळे ४८ तास थांबणे अधिक चांगले. ही चाचणी प्रत्येक वेळी करावयाची असते. भुवया व पापण्यांना तर हा रंग लावूच नये. डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते. चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे.

केसांच्या हानीचे कारण वेगळे आहे. अमोनिया केसांवरील खवले उघडतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आतील नैसर्गिक रंगद्रव्य नष्ट करते. 'अमोनियाविरहित' रंगात बहुधा दुसरा अल्कली असतो. उग्र वास गेला म्हणून हानी गेली असे नव्हे.

सर्वाधिक नुकसान होते ते केस फिकट करताना. काळा केस आधी तांबडा, मग नारिंगी व शेवटी पिवळा होतो. हा सारा प्रवास एकाच दुपारी उरकण्याच्या हट्टापायी केस रबरासारखे ताणून तुटतात. दोन प्रयोगांत काही आठवड्यांचे अंतर हवे, आणि पिवळ्या छटेचा मोह असेल तर जाणकाराकडे गेलेलेच बरे. धातूचे क्षार असलेला रंग पूर्वी लावला असल्यास पेरॉक्साइडशी संयोग होऊन केस तापतात. तेव्हा कापलेल्या एका बटेवर आधी प्रयोग करावा.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे पुन्हा रंगविताना मुळाशी आलेला पांढरा भागच रंगवावा; टोकांपर्यंत दरवेळी लेप देण्याचे कारण नाही. वेष्टनावरील वेळ उलटू देऊ नये, हातमोजे घालावेत, आणि उरलेले मिश्रण झाकण लावून पुढच्या रविवारसाठी ठेवू नये. पेरॉक्साइडमधून सुटणाऱ्या वायूने बाटली फुटू शकते.